आधी पाणी, मग किल्ला

सोलापूरचा भुईकोट किल्ला बघायला आपण जातो, बागेत जरा बसतो, बुरुजावर चढतो आणि पलीकडे सिद्धेश्वर तलाव दिसला की म्हणतो, किल्ल्यावरून दृश्य काय सुंदर आहे! मला हा क्रमच उलटा वाटतो.

तलाव आधीचा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो लोकांच्या श्रमातून खोदवून घेतला. ते कन्नड वचनकार, बसवेश्वरांचे समकालीन. कायक म्हणजे श्रम, आणि श्रम हीच पूजा, असं मानणारी ही परंपरा. किल्ला नंतरचा, बहमनी काळातला. बाकीच्या बाजूंना खंदक खणावा लागला. पूर्वेला हे पाणी आयतंच मिळालं.

पुढे या किल्ल्यावरून निजामशाही-आदिलशाही भांडत राहिली. १५६५च्या तालिकोटच्या लढाईआधी तो चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरकडे गेला. मे १८१८मध्ये मन्रोच्या फौजेनं तो पेशव्यांकडून घेतला.

या मालकांची नावं आपल्याला पाठ असतात. तलाव खोदणाऱ्यांपैकी एकाचंही नाव उरलेलं नाही. पण संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज आजही त्याच काठावर येतात, अक्षता तिथंच पडतात. म्हणून पुढच्या वेळी फेरी तलावापासून सुरू करा. किल्ला नंतर बघू.