खडकातील द्राक्षबी
रायगड किनाऱ्याचा काळा कातळ आणि मध्य प्रदेशातील मोहगाव कलानचे वनस्पती-जीवाश्म एकाच ज्वालामुखी कालखंडातील. लाव्हात पानेफुले जळून जातात. दोन थरांमधील तळ्यांच्या गाळात मात्र ती सिलिकामय होऊन टिकली. डॉ. श्यामला चितळे (१९१८-२०१३) यांनी या जीवाश्मांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१३ मध्ये वर्णिलेल्या 'इंडोव्हिटिस चितळेयी' या सुमारे ६.६ कोटी वर्षे जुन्या द्राक्षकुलीन वनस्पतीला त्यांचेच नाव लाभले. ओळख पटली ती बियांच्या पोटाकडील दोन खाचा व पाठीवरील चकतीसारख्या खुणेवरून. ही लक्षणे ठाऊक असली, की जुन्या संग्रहातील 'बी' एवढीच चिठ्ठी असलेला नमुनाही नव्याने वर्गीकृत करता येतो. स्थळाची नोंद हरवली असेल, तर मात्र त्याचे वय ठरविणे फार कठीण.