पॉल डिरॅक: डिग्री इलेक्ट्रिकलची, नोबेल फिजिक्सचं

इंजिनिअरिंग झालं, फर्स्ट क्लासही मिळाला, पण नोकरी नाही. ओळखीचं वाटतंय ना? ही गोष्ट मात्र १९२१ सालच्या इंग्लंडमधली आहे. ८ ऑगस्ट १९०२ रोजी ब्रिस्टलमध्ये जन्मलेले पॉल डिरॅक तेव्हा नुकतेच इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले होते आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत त्यांना कुठेच काम मिळत नव्हतं. केंब्रिजची वर्षाला ७० पौंडांची स्कॉलरशिप मिळाली, पण तेवढ्यात तिथला खर्च भागणं शक्य नव्हतं. शेवटी ब्रिस्टल विद्यापीठानेच फी न घेता त्यांना गणित शिकू दिलं. १९२३ मध्ये आणखी एक स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा कुठे केंब्रिजला जाता आलं.

१९२५ मध्ये त्यांचे गाइड राल्फ फाउलर यांनी त्यांना हायझेनबर्ग यांच्या नव्या पेपरची प्रुफं वाचायला पाठवली. त्यात एक विचित्र गोष्ट होती: 'अ गुणिले ब' आणि 'ब गुणिले अ' यांची उत्तरं वेगळी येत होती.

असं कसं होईल? फोन टेबलावर आडवा ठेवा, स्क्रीन वर. आधी तो घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, मग तुमच्यापासून लांबची कड उचलून उभा करा. स्क्रीन तुमच्याकडे. आता क्रम उलटा करा: आधी उभा, मग फिरवा. स्क्रीन डावीकडे! क्रम बदलला की उत्तर बदलतं.

हे गणित कुठेतरी पाहिलंय, असं डिरॅकना एका रविवारी फिरताना वाटलं. पॉयसाँ ब्रॅकेट! पण नक्की आठवेना, घरातल्या पुस्तकांत सापडेना आणि लायब्ररी बंद. (गूगल नसण्याचे दिवस.) सोमवारी सकाळी लायब्ररी उघडताच त्यांनी पुस्तक काढलं, आणि अंदाज बरोबर निघाला. १९२६ मध्ये पीएचडी झाली.

१९२८ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. त्यातून प्रतिकणाची कल्पना पुढे आली आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना पॉझिट्रॉन खरोखर सापडला. हॉस्पिटलमधलं पेट स्कॅन यावरच चालतं.

मग इंजिनिअरिंग वाया गेलं का? डिरॅक स्वतः म्हणायचे की अंदाजे उत्तरांनाही किंमत असते, हे आपण तिथेच शिकलो. सिग्नल्सच्या पेपरात छळणारं डेल्टा फंक्शनही त्यांच्याच नावाचं.

१९३३ चं नोबेल त्यांना श्रोडिंजर यांच्यासोबत मिळालं, वय ३१. अतिशय मितभाषी माणूस. प्रसिद्धी नको म्हणून आधी नाकारायच्याच विचारात होते. रदरफर्ड यांनी समजावलं: नाकारलंत तर जास्तच प्रसिद्धी होईल! मग घेतलं.