स्त्रियांचीं वस्त्रें, ख्रिस्ती शास्त्र आणि प्रकरणविचार

ऋद्धिपूरच्या परिसरांतील महानुभाव पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस 'प्रकरणवश' हें नांव अपरिचित नाहीं. केशिराजबासांनीं श्रीचक्रधरांचीं वचनें निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु लीळेपासून वेगळें होतांच वचन उघडें पडलें. तें कोणास उद्देशून, कोठें व कशावरून निघालें हें पुढील पिढ्यांस कळेना. एकाच सूत्राचे दोन दोन अर्थ होऊं लागले. तेव्हां प्रत्येक सूत्राचा प्रसंग पुन्हां जोडून देणारें एक स्वतंत्र टीकासाहित्य पंथीयांस निर्माण करावें लागलें. प्रसंगावांचून वचन प्रमाण होत नाहीं, ही जाण आमच्या वऱ्हाडांत इतकी जुनी आहे.

हाच न्याय ख्रिस्ती शास्त्रांतील स्त्रियांच्या वेषाविषयींच्या वचनांस लावून पाहावा असा आमचा येथें हेतु आहे. आम्ही ख्रिस्ती नाहीं, व त्या धर्माच्या अनुयायांनीं काय नेसावें हें सांगण्याचा आम्हांस अधिकारहि नाहीं. तथापि अकोला, अमरावती, खामगांव येथें ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेच्या द्वारें मराठी बोलणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्यास शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यांची छापील पुस्तकें, पत्रकें आणि नोंदी या आतां वऱ्हाडच्या इतिहासाचींच साधनें आहेत. संग्राहक मंडळी हस्तलिखिताचें सुटें पान जपून ठेवतात आणि मिशनचें छापील चोपडें रद्दीत घालतात, हा पंक्तिप्रपंच आम्हांस मान्य नाहीं.

वादाचीं वचनें मुख्यतः चार आहेत. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत, प्रार्थना करणाऱ्या स्त्रीनें मस्तक झांकावें असें आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत केसांच्या वेण्या, सोनें, मोतीं व मोलवान् वस्त्रें यांऐवजीं सत्कर्मांनीं स्त्रियांनीं स्वतःस भूषवावें असें आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत त्याच तऱ्हेचें वचन आहे. चौथें जुन्या करारांतील, अनुवादाच्या २२ व्या अध्यायाचें पांचवें. स्त्रीनें पुरुषाची वस्तु अंगावर घेऊं नये व पुरुषानें स्त्रीचें वस्त्र नेसूं नये, असा त्याचा आशय.

प्रथम एक बाह्य गोष्ट. ज्या आंकड्यांवर बोट ठेवून हीं वचनें उद्धृत केलीं जातात ते आंकडे मूळ ग्रंथांत नाहींत. नव्या कराराचे वचनांक रोबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. अध्यायांची विभागणी १३ व्या शतकांतली. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दाशब्दांमध्यें जागाहि सोडलेली नसते, हें आपल्या पोथ्या वाचणाऱ्यांस निराळें समजावून सांगावयास नको. म्हणजे मुद्रकाच्या सोयीसाठीं पडलेला तुकडा पुढें धर्माज्ञा होऊन बसला.

मीमांसेचा अभ्यासक येथें आक्षेप घेईल. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या या क्रमांत पुढचें प्रमाण मागच्याहून दुर्बळ, असें जैमिनि सांगतो. मग वाक्य स्पष्ट असतां प्रकरणास कोण विचारतो? आक्षेप योग्य आहे, पण त्याच जैमिनीनें वाक्य कशास म्हणावें हेंहि सांगून ठेवलें आहे. ज्याचा अर्थ एक आणि विभागणी केली असतां ज्याचे भाग परस्परांची आकांक्षा धरून राहतात, तें एक वाक्य. पेत्राचें वचन या कसोटीवर घांसून पाहा. "तुमची शोभा बाहेरची नसावी" हा पूर्वार्ध, "तर अंतःकरणाची असावी" हा उत्तरार्ध. तिसऱ्या आंकड्यावर थांबलें कीं वाक्यच तुटतें. तेथें प्रकरण दुर्बळ ठरण्याचा प्रश्नच येत नाहीं. वाक्य अजून सिद्ध झालेलें नाहीं.

त्यांतहि एक मौज आहे. मूळ ग्रीकांत वेण्या गुंफणें व सोनें घालणें यांच्या पुढें नुसतें 'वस्त्रें परिधान करणें' एवढेंच आहे. 'मोलवान्' किंवा 'उंची' असें विशेषण पेत्रानें घातलेलें नाहीं. अक्षरार्थ धरला तर स्त्रियांनीं वस्त्रच नेसूं नये असें होईल, आणि तसें आजवर कोणीहि भाष्यकार म्हणालेला नाहीं. जो अक्षरार्थाचा आग्रही तोहि येथें मुकाट्यानें विशेषण अध्याहृत घेतो, म्हणजे तात्पर्य पाहतोच. आपल्या शास्त्रांत यास नहिनिंदान्याय म्हणतात: एकाची निंदा त्याच्या निषेधासाठीं नसून दुसऱ्याच्या स्तुतीसाठीं असते. पेत्राचें वचन या न्यायाचें इतकें नेटकें उदाहरण आहे कीं, विद्यार्थ्यास तो न्याय शिकवितांना खुशाल पुढें ठेवावें.

करिंथच्या पत्राचें प्रकरण अधिक गुंतागुंतीचें आहे. करिंथ हें ग्रीक शहर रोमनांनीं उद्ध्वस्त केल्यावर इसवी सनापूर्वीं ४४ च्या सुमारास रोमन वसाहत म्हणून पुन्हां वसलें. पौलानें पत्र लिहिलें तें इसवी सनाच्या ५३ ते ५५ च्या दरम्यान. रोमन पुरुष यज्ञप्रसंगीं मस्तकावर वस्त्र घेई, ग्रीक घेत नसे. कुलीन विवाहित स्त्रीचें आवरण ही तिच्या प्रतिष्ठेची खूण होती. आठव्या अध्यायापासून पौलाचा विषय चालला आहे तो असा कीं, आपल्या मोकळिकीनें दुसऱ्यास ठेंच लागूं नये. मूर्तीस दाखविलेलें मांस खावें कीं न खावें हा त्याचाच एक भाग. मस्तकाचा विचार त्यास लागूनच आला आहे. शेवटीं पौल वाचकांस म्हणतो कीं तुम्हीच विचार करून ठरवा, आणि सर्वांत शेवटीं हवाला देतो तो मंडळ्यांतील चालीचा. तेथील ग्रीक शब्दाचा अर्थच रूढि. श्रुतीच्या ठिकाणीं शिष्टाचार सांगितला कीं तो देशकालाधीन झाला, हें स्मृतिकारांस ठाऊक होतें. शिवाय त्याच अध्यायांत पुरुषानें लांब केस राखणें लाजिरवाणें म्हटलें आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायांत पौल व्रताकरितां केस राखून ते करिंथच्याच बंदरांत, किंख्रियास, उतरवितो असें वर्णन आहे. पौलाची रूढि पौलासहि सर्वकाळ बांधील नव्हती, असें आम्ही यावरून समजतों.

आतां तेंच वचन महाराष्ट्रांत आणून पाहावें. दक्षिणी ब्राह्मण घरांत सवाष्ण सामान्यतः डोक्यावरून पदर घेत नसे. पदर घेई ती केशवपन झालेली विधवा. मराठा-कुणबी घरांत उलट, सवाष्णीनें पदर घेणें हीच मर्यादा. म्हणजे करिंथांत जी खूण विवाहितेच्या प्रतिष्ठेची, ती एका आळींत मर्यादेची आणि शेजारच्या आळींत वैधव्याची. वस्त्र तेंच, अर्थ तीन. आणि पौल जेथें म्हणतो कीं मुंडन स्त्रीस लज्जेचें, तेथें आमच्याकडे तेंच मुंडन धर्म म्हणून विधवेवर लादलें जात होतें! अकोल्यास दीर्घकाळ मिशनकार्य केलेल्या जेनी फुलर यांनीं १९०० सालीं हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यास प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे.

रमाबाईंचें उदाहरण या विषयांत सर्वांत बोलकें आहे. १८८३ च्या २९ सप्टेंबरास इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु पांढरें सुती लुगडें, आंखूड केस आणि शाकाहार हीं सोडलीं नाहींत. क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत हेंहि त्यांस पटेना. आपल्या लोकांस परकी असलेली भाषा कशाला, संस्कृत कां नको, असा त्यांचा प्रश्न. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांनीं संपादिल्यावर १९७७ सालीं प्रकाशित झाला. त्यांत हा झगडा पानोपानीं दिसतो. चेल्टनम येथें पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची संधि आली तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं हिंदुस्थानांतील रूढीचा हवाला देऊन विरोध केला. रमाबाईंनीं तो हवाला मानला नाहीं. रूढीचा आधार सोयीप्रमाणें घ्यावयाचा आणि सोयीप्रमाणें सोडावयाचा, हें त्यांच्या तीक्ष्ण बुद्धीस सहन होण्यासारखें नव्हतें. पुढें हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर स्वतः केलें. १९२२ च्या ५ एप्रिलास त्या निवर्तल्या, आणि ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या मुक्ति छापखान्यांतून बाहेर पडला. मूळ भाषेपर्यंत जाण्याची ही हौस आम्हांस विशेष वाटते. ज्या वचनानें आपल्यास बांधावयाचें तें वचन मुळांत काय आहे हें बाईनें स्वतः वाचलें. या ग्रंथाची प्रत आणि श्रीरामपूरचा १८११ चा नवा करार, ज्याच्या कामीं वैजनाथ पंडितांचा हात होता, हीं दोन्ही कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यानें वरील चार वचनें समोरासमोर ठेवून पाहावींत. मराठी गद्याच्या इतिहासासहि तें उपयोगी पडेल.

शास्त्रवचन नसतांहि वस्त्र हाच धर्म होऊन बसतो, याचें उदाहरण गोमंतकाचें. १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें तेथील नवख्रिस्ती पुरुषांस पुडवें आणि स्त्रियांस चोळी वर्ज्य केली. तुळस लावणें आणि मिठावांचून भात शिजविणें हेंहि त्याच यादींत. चोळीविरुद्ध शास्त्रांत एक अक्षर नाहीं. ती हिंदूंची म्हणून दोषार्ह. याउलट १६२३ सालीं पोप ग्रेगरी १५ वा यानें मदुरेकडील नवख्रिस्ती ब्राह्मणांस जानवें, शेंडी व चंदन यांची मोकळीक कांहीं अटींवर दिली होती. एकाच चर्चचे हे दोन निर्णय शंभर-सव्वाशें वर्षांच्या अंतराचे. आणि वसईकडे पाहावें तर १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, चर्चें राहिलीं, व तेथील ख्रिस्ती स्त्रिया लाल चौकड्यांचीं लुगडीं नेसत राहिल्या. जाहीरनाम्याहून लुगडें टिकाऊ निघालें. त्रावणकोरांत तर उलटच प्रकार. तेथें शाणार स्त्रियांनीं ख्रिस्ती होऊन छाती झांकली म्हणून दंगे झाले, व १८५९ च्या जाहीरनाम्यानंतरच सर्व शाणार स्त्रियांस ती मोकळीक मिळाली.

अनुवादाच्या वचनाविषयीं थोडें. 'पुरुषाची वस्तु' येथें मूळ हिब्रू शब्द भांडें, साधन, शस्त्र अशा सर्व अर्थांनीं येतो. यहुदी परंपरेंत रब्बी एलियेझर बेन याकोब यानें त्याचा अर्थ शस्त्र असा घेतला असून स्त्रीनें शस्त्र घेऊन युद्धास जाऊं नये असें तात्पर्य काढलें आहे. त्याच अध्यायांत पुढें धाब्यास कठडा बांधा, आणि लोकर व जवसाचें सूत एकत्र विणलेलें वस्त्र नेसूं नका, अशा आज्ञा आहेत. जवसाचें वस्त्र म्हणजे आमचें क्षौम. पांचवें वचन पाळावयाचें आणि अकरावें सोडावयाचें तर त्याचें कारण दाखवावें लागेल. आणि पुरुषी वेष म्हणजे पाय विलग दिसणारा वेष असें म्हणाल, तर वऱ्हाडांत काष्टा घालून कपाशी निंदणारी कुणबीण प्रथम दोषी ठरेल. तिनें धोतराचें अनुकरण केलें असें मात्र आजवर कोणास सुचलें नाहीं.

हें सर्व परधर्मीयांचें कौतुक म्हणून कोणी वाचूं नये. प्रकरण सोडल्याचें याहून भयंकर फळ आमच्या घरांत पिकलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १८ व्या सूक्ताची सातवी ऋचा अविधवा स्त्रियांविषयीं आहे: अंजन व घृत लावून, उत्तम रत्नें लेऊन, अश्रूंवांचून त्यांनीं प्रथम वर चढावें. पुढची आठवी ऋचा विधवेस उद्देशून असून ती मृताजवळून उठून जीवलोकाकडे ये असें सांगते. परंतु सहगमनाच्या समर्थकांनीं सातवी ऋचा आठवीपासून तोडली, आणि 'अग्रे' या ठिकाणीं 'अग्नेः' असा पाठ घेतला. एका अक्षराचा फरक! अलंकार ल्यालेल्या सवाष्णींच्या मिरवणुकीचें वचन चितेवर चढण्याची आज्ञा झालें. १९ व्या शतकांत विल्सन व माक्स म्यूलर यांनीं हस्तलिखितें व सायणभाष्य पाहून हा पाठ भ्रष्ट असल्याचें दाखविलें. तें दाखवितां आलें, कारण सूक्त अखंड उपलब्ध होतें. आठवी ऋचा शेजारीं उभी होती.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. अलीकडे जुनीं बाडें सोडवून त्यांतील सचित्र किंवा सुरेख पानें वेगळीं विकण्याची चाल पडली आहे. महानुभाव बाडांत सूत्रपाठाच्या पाठोपाठ त्याचें प्रकरणवश बांधलेलें असतें तें वेगळें काढूं नये. आणि मिशनच्या चोपड्यांतहि वधूवेष, पदर, दागिने यांविषयींचे नियम सांपडल्यास नुसता नियम उतरवून न घेतां तो कोणत्या सालीं, कोणत्या मंडळींत, कोणत्या तक्रारीवरून झाला हें मागचीं पुढचीं पानें पाहून टिपावें. अचलपूर व चिखलदरा येथील जुन्या मिशनच्या कागदांविषयीं कोणास माहिती असल्यास ती या त्रैमासिकाच्या संपादकांकडे धाडावी. आम्ही त्या कागदांची सूचि करण्यास तयार आहों.