बुधवार, रात्रीचे आठ आणि कोलंबोहून येणारा आवाज

या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना नावं, तारखा सुटतात असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवतोय. बोलताना जिथे भरकटलो, तिथे थोडी कात्री लावली आहे. थोडीच.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. मी मारेगावचा. यवतमाळ जिल्हा, वणीच्या शेजारचा तालुका, कापसाचा पट्टा. माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, आज ऐंशीच्या पुढे आहेत. मी पॉडकास्ट करतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्यांना समजावून सांगताना मी म्हणालो, "आबाजी, रेडिओसारखंच असते, फक्त मोबाईलवर." त्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मंग तू अमीन सयानीसारखा बोलतं का?"

मी गप्प. कारण त्याच्या दोन महिने आधी एका रेडिओ चॅनेलच्या ऑडिशनमधून मी बाहेर पडलो होतो. आवाज चांगला आहे, पण बोलण्यात वऱ्हाडी फार येते, असं मला सांगण्यात आलं. ते मनाला लागलं होतं. घरी कोणाला बोललो नव्हतो.

मग सयानींबद्दल वाचायला लागलो, त्यांच्या मुलाखती ऐकल्या, आणि पहिल्याच टप्प्यावर थांबलो. ज्या माणसाचा आवाज पुढे अख्ख्या देशाने ओळखला, त्यालाही ऑल इंडिया रेडिओने हिंदी निवेदक म्हणून नाकारलं होतं. कारण काय? वाचन ठीक आहे, पण उच्चारात गुजराती आणि इंग्रजी फार डोकावते! ही गोष्ट ते स्वतःच मुलाखतींत हसत सांगायचे. त्या वयात हसू आलं नसणार, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

अमीन सयानींचा जन्म मुंबईचा, 21 डिसेंबर 1932. मोठा भाऊ हमीद हा इंग्रजीतला नावाजलेला निवेदक, त्यानेच या लहान भावाला माइकसमोर उभं केलं. म्हणजे सुरुवात इंग्रजीत झाली. घरात गुजराती वळण, शाळा मुंबईत आणि नंतर ग्वाल्हेरला, कॉलेज सेंट झेवियर्स. मग हिंदी आली कुठून?

ती आली आईकडून. कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. नव्याने अक्षर शिकलेल्या माणसाला वाचायला काही हवं, म्हणून त्यांनी 1940 मध्ये 'रहबर' नावाचं पाक्षिक सुरू केलं. भाषा एकच, साधी बोलीतली हिंदुस्थानी, पण लिप्या तीन: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. गांधीजींचा या कामाला पाठिंबा होता. शाळकरी अमीन या पाक्षिकाच्या कामात हातभार लावायचा. विचार करा, ज्याचा वाचक कालपरवा अक्षरं गिरवायला शिकलाय, अशा अंकात अवघड शब्द चालतच नाही. वाक्य लांबलं की वाचक हरवला. रेडिओची याहून चांगली शाळा कोणती असेल, मला सुचत नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण सयानींची कारकीर्द एका मराठी माणसाशिवाय समजत नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, 1952 ते 1962 अशी दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. केसकरांना शास्त्रीय संगीताची जाण होती आणि सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरची सिनेगाणी आधी कमी झाली, गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं, निर्मात्यांशी वाद पेटला आणि बघता बघता सरकारी रेडिओवरून सिनेगाणी जवळपास गायबच झाली.

केसकरांना खलनायक करणं सोपं आहे. इंटरनेटवर तेच चालतं. पण संस्थानं गेल्यावर गवई-वादकांचा पोशिंदा कोण, हा त्या काळचा खरा प्रश्न होता. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन हे त्यांच्याच काळातलं. मोठमोठ्या कलावंतांचं गाणं त्यामुळे घराघरांत पोचलं. माझी तक्रार एवढीच, की मारेगावच्या माणसाने काय ऐकावं हे त्यांनी दिल्लीत ठरवलं आणि मारेगावला कोणी विचारलं नाही.

(बाय द वे, 1952 साली आमचं मारेगाव महाराष्ट्रात नव्हतंच. महाराष्ट्र राज्यच नव्हतं. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर! 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. हा विषय एका वेगळ्या भागाचा आहे.)

लोकांनी मग केलं काय? काटा फिरवला. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी उभारलेला दणदणीत ट्रान्समीटर होता. युद्ध संपलं, ट्रान्समीटर राहिला. त्यावर रेडिओ सिलोनने जाहिरातींच्या पैशावर व्यापारी सेवा सुरू केली. शॉर्टवेव्हची गंमत अशी की तिची लहर जमिनीला धरून चालत नाही, आकाशातल्या थरावर आदळून शेकडो मैल दूर खाली येते. त्यामुळे कोलंबोचं गाणं मारेगावच्या पानठेल्यावर यायचं. आवाज मध्येच लांब जायचा, खरखर व्हायची, परत यायचा. आबाजी सांगतात, ठेल्यावर एक जण फक्त काटा सांभाळायला असे.

रेडिओ सिलोनवर 'बिनाका हिट परेड' हा इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम जोरात होता. बिनाका ही टूथपेस्ट. कंपनीला वाटलं, हिंदी गाण्यांचंही असं काही करून पाहू. पण बजेट तुटपुंजं. लिहिणं, सादर करणं, आलेली पत्रं तपासणं, सगळं एकाच माणसाने करायचं आणि आठवड्याला मिळणार 25 रुपये. अनुभवी मंडळींना हे परवडणारं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या अमीनने हो म्हटलं. त्याआधी ओव्हल्टीनच्या कार्यक्रमात जाहिरात वाचायचा मोबदला म्हणून त्याला दर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक लहान डबा मिळत असे, त्या हिशोबाने 25 रुपये म्हणजे बढतीच!

3 डिसेंबर 1952. 'बिनाका गीतमाला'चा पहिला कार्यक्रम. ध्वनिमुद्रण मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला, तिथून प्रसारण. सुरुवातीला ती स्पर्धा होती: सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा ठरावीक क्रम ओळखून लिहून पाठवायचा आणि बरोबर उत्तरांना बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली. वाढत वाढत ती आठवड्याला 65,000 पर्यंत गेली. एवढी पत्रं कोण उघडणार, कोण तपासणार? म्हणून 1954 मध्ये स्पर्धा बंद झाली आणि गीतमाला झाली लोकप्रियतेची उतरंड. कितवा नंबर असं न म्हणता सयानी म्हणायचे, 'पायदान'. पायरी. गाणं एखाद्या माणसासारखं पायऱ्या चढतंय, घसरतंय, पुन्हा चढतंय. आठवडाभर लोक त्याची वाट बघायचे.

क्रम लावायचे कसे? इथे मला हा माणूस सगळ्यात जास्त आवडतो. नुसत्या पत्रांवर भरवसा ठेवला असता तर निर्माते, संगीतकार यांच्या माणसांनी गठ्ठेच्या गठ्ठे टाकले असते. म्हणून देशभरातल्या रेकॉर्डच्या दुकानांकडून विक्रीचे आकडे मागवले जायचे. पण दुकानातला साठाच संपला तर? विक्री शून्य आणि चांगलं चाललेलं गाणं विनाकारण खाली. मग त्या आकड्यांच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची पसंती धरायला सुरुवात झाली. हे क्लब म्हणजे गावातली पाच-पंचवीस रेडिओवेडी माणसं. झारखंडमधलं झुमरीतिलैया, अभ्रकाच्या व्यापाराचं गाव, फर्माइशींच्या पत्रांपायीच देशाला माहीत झालं. पद्धत अगदी निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. पण व्ह्यूज आणि लाइक्स विकत मिळण्याच्या काळात मी जेव्हा माझे डाउनलोडचे आकडे बघतो, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीची ही धडपड आठवते.

आणि बोलणं! 'बहनों और भाइयों.' आधी बहिणी. आबाजींना मी विचारलं, तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, तुम्हाला त्यांची हिंदी समजायची? ते म्हणाले, "आपल्याले दिल्लीच्या बातम्या नाही समजे बापा. त्याचं समजे. तो आपल्यासंगच बोलून रायला असं वाटे." बातम्यांची संस्कृतप्रचुर हिंदी एकीकडे आणि 'रहबर'ची हिंदुस्थानी दुसरीकडे. वऱ्हाडातल्या अल्पशिक्षित माणसाने कुठे कान लावला, ते दिसतंच आहे.

पुढे सरकारलाही वळावं लागलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेगाणी घरच्या रेडिओवर परतली. 1967 पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. तरी बुधवारी रात्री आठला लोक सिलोनच लावत राहिले. आबाजींनी कापसाच्या चुकाऱ्यातून ट्रान्झिस्टर घेतला तो याच सुमारास, आणि त्याचं लायसन्स काढायला पोस्टात गेले. होय, रेडिओ ऐकायला तेव्हा परवाना लागायचा. तो छोटा लायसन्स बुक आमच्या घरी अजून आहे, पानोपानी पोस्टाचे शिक्के मारलेला.

नंतरचं भराभर सांगतो. हमीद सयानी 1975 मध्ये गेले, त्यांची 'बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' अमीननी पुढे चालवली. टूथपेस्टचं नाव बदललं तसं बिनाकाचं सिबाका झालं. 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली, म्हणजे एकेकाळी ज्या सरकारी रेडिओने यांची हिंदी नाकारली तिथेच, आणि 1994 पर्यंत चालली. 2009 मध्ये पद्मश्री. हजारो कार्यक्रम आणि जाहिराती त्यांच्या नावावर आहेत. एक गोष्ट ते खंत म्हणून सांगायचे: वेळ न ठरवता आवाजाच्या चाचणीसाठी आलेल्या एका उंच, बारीक तरुणाला कामाच्या गर्दीत ते भेटलेच नाहीत. तो अमिताभ बच्चन होता. ज्याला स्वतःला नकार मिळाला होता त्याच्याकडूनही असं घडतं. 20 फेब्रुवारी 2024 ला मुंबईत सयानी गेले, वयाच्या 91 व्या वर्षी.

त्या दिवशी मोबाईलवर बातमी मीच आबाजींना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना गीतमालेचं जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "लयच साफ येऊन रायलं रे." खरखर नसल्याची ती तक्रार होती की काय, मला अजून कळलेलं नाही. मग मी त्यांना ऑडिशनचं सांगितलं. वऱ्हाडी येते म्हणून घेतलं नाही म्हटल्यावर ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, "वऱ्हाडात रायतं तं का बंगाली येईन?"

या पॉडकास्टचा पहिला भाग मी त्याच आठवड्यात रेकॉर्ड केला. तुमच्या घरी जुना रेडिओ लायसन्स बुक किंवा एखाद्या श्रोता संघाचा कागद पडला असेल, तर आजी-आजोबांना विचारून फोटो पाठवा, सोबत त्यांचा किस्साही लिहा. पुढच्या भागात केसकरांबद्दल सविस्तर बोलू.