बोलीला शहाणपण आले कुठून?

ब्रिजमध्ये तेरा पत्ते उचलल्यावर पहिला प्रश्न ते खेळायचे कसे हा नसतो. आपली जोडी किती हात करील याची हमी द्यायची, हा असतो. ही हमी म्हणजे बोली. चांगली बोली म्हणजे आपल्या पत्त्यांचे अचूक मोजमाप, असा समज रूढ आहे आणि बहुतेक पुस्तकांची सुरुवातही तिथूनच होते. या खेळाचा इतिहास पाहिला तर मात्र हा समज अपुरा वाटतो. बोलीतले शहाणपण पत्त्यांपेक्षा गुणांच्या दरपत्रकाने अधिक घडवले आहे, आणि ते दर जेव्हा जेव्हा बदलले तेव्हा तेव्हा चांगल्या बोलीची व्याख्याही बदलली.

ब्रिजचा पूर्वज असलेल्या व्हिस्टमध्ये बोली नव्हतीच. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटायचे, तोच रंग हुकूम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्शन ब्रिज आला आणि हुकुमासाठी चढाओढ सुरू झाली, पण बोलीला फारशी किंमत नव्हती. इस्पिकाच्या एका हाताला ९ गुण मिळत आणि गेम ३० गुणांचा होता. त्यामुळे इस्पिकाची एकचीच बोली लावून सहांच्या वर चार हात केले, तरी ३६ गुण जमून गेम पदरात पडे. स्लॅमचे, म्हणजे बारा किंवा तेरा हात करण्याचे, बक्षीसही न बोलता मिळे. मग वर चढायचे कशाला? प्रतिस्पर्ध्याने भाग पाडले तरच. भिडूला आपल्या पत्त्यांचे नीट वर्णन करून सांगण्याची निकड त्या खेळात नव्हती.

जेवढे बोलाल तेवढेच मोजू, ही कल्पना अमेरिकेत जन्मली असे सहसा मानले जाते. पण १९१२ साली आपल्या पुण्यातच ह्यू क्लेटन आणि त्यांचे साथीदार या तत्त्वाचा एक खेळ खेळत होते. त्याचे नाव ‘एसएसीसी’, आणि १९१४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची माहिती छापून आली होती. फ्रान्समध्ये प्लाफाँ हा खेळही याच तत्त्वावर चाले. मग बोलीचे शास्त्र पुण्यात किंवा पॅरिसमध्ये का उभे राहिले नाही? माझ्या मते याचे कारण दरांत आहे. १९२५ च्या शरद ऋतूत पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावर हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी आपली नवी, पुढे ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज’ म्हणून रूढ झालेली गुणपद्धत खेळून पाहिली. तिच्यात बोललेल्या स्लॅमला घसघशीत बक्षीस होते, आणि एक गेम जिंकून ‘व्हल्नरेबल’ झालेल्या जोडीचा दंड जड झाला होता. गेमपर्यंत चढावे की खालीच थांबावे, हा निर्णय आता खरोखर महागाचा झाला.

यावर आक्षेप असा येईल की बोलीची क्रांती एली कल्बर्टसन आणि चार्ल्स गोरेन यांनी घडवली. कल्बर्टसन यांचे ‘ब्लू बुक’ १९३० चे. १९३१-३२ च्या हिवाळ्यात त्यांनी सिडनी लेंझ यांच्याविरुद्ध दीडशे रबरांचा सामना जिंकला आणि साऱ्या अमेरिकेने तो वर्तमानपत्रांतून वाचला. त्यांचे श्रेय मोठेच आहे. पण एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ ही गोरेन यांच्या नावाने घराघरांत पोचलेली मोजणी ऑक्शन ब्रिजच्या काळातच, १९१५ मध्ये, छापली गेली होती. म्हणजे मोजपट्टी हाताशी होती. गेमसाठी दोघांचे मिळून २६ गुण भरतात का, हे बोलता बोलताच शोधून काढण्याची गरज कॉन्ट्रॅक्ट ब्रिजने निर्माण केली. त्यानंतर १९४९ मध्ये गोरेन यांचे पुस्तक आले आणि ती मोजणी सर्वमान्य झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दर काहीही असोत, पत्त्यांची संभाव्यता तर बदलत नाही. खरे आहे, पण किती शक्यतेवर उडी घ्यायची हे संभाव्यता सांगत नाही. आजच्या संघ-स्पर्धेतला एक डाव घ्या. तुम्ही व्हल्नरेबल आहात आणि इस्पिकाची चारची बोली लावता. दुसऱ्या टेबलावरची जोडी तीनवर थांबते. दहा हात झाले तर तुम्हाला ६२० आणि त्यांना १७०. फरक ४५०, म्हणजे संघ-स्पर्धेच्या मापात १० इम्प. नऊच झाले तर तुमचे १०० जातात, त्यांना १४० मिळतात. तोटा ६ इम्प. सोळात सहा, म्हणजे साडेसदतीस टक्के शक्यता असली तरी बोली परवडते. राजा हव्या त्या बाजूला असण्यावर सगळे अवलंबून असेल, तर शक्यता ५० टक्के: खुशाल बोला. बाहेरचे सहा पत्ते तीन-तीन फुटण्यावर असेल, तर ती साधारण साडेपस्तीस: थांबलेले बरे. व्हल्नरेबल नसाल, तर हाच उंबरठा ४५ टक्क्यांच्या वर जातो, कारण तिथे गेमचे बक्षीस लहान आहे.

सगळ्यात स्वच्छ पुरावा १९८७ चा आहे. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल आहेत, तुम्ही नाही, आणि ते बदामाचा ग्रँड स्लॅम बोलतात. तो झाला तर त्यांना २२१०. जुन्या दराने डबल झालेल्या बोलीत पहिल्या कमी हाताला १०० आणि पुढच्या प्रत्येकाला २०० जात. म्हणजे इस्पिकात सात बोलून तुम्ही तब्बल अकरा हात कमी पडलात तरी २१०० च जात, आणि ते त्यांच्या २२१० पेक्षा स्वस्तच. बक्षिसावर असे पाणी पडणे अन्यायाचे होते. त्या वर्षीच्या डुप्लिकेट नियमांनी चौथ्या हातापासून दंड ३०० केला. आता आठ हात कमी पडले की २००० जातात, नऊ पडले की २३००. तेच बावन्न पत्ते, तीच वाटणी. पण १९८६ मध्ये जी बोली हिशेबी बचाव ठरली असती, तीच दोन वर्षांनी भिडूपुढे मान खाली घालायला लावणारी चूक ठरली.