अंतरमापक, शिकारीचा

शिकारी उभा आहे तिथपासून सावजापर्यंतचे अंतर जागचे न हलता सांगणारे उपकरण. व्यवहारात ते रेंजफाइंडर या नावानेच ओळखले जाते. आजचे उपकरण लेसरवर चालते, एका हातात मावते आणि जाकिटाच्या खिशात बसते. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १०० ते ३०० डॉलरना मिळणाऱ्या उपकरणांविषयी आहे. तेथे परवाना आणि हंगाम यांच्या चौकटीत हरणाची शिकार कायदेशीर आहे.

गरज : गोळी असो वा बाण, सुटताक्षणी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागतो, तो किती खाली येईल हे अंतरावर ठरते. कंपाउंड धनुष्यातून सेकंदाला ८५ मी. वेगाने सुटणारा बाण घेतला आणि हवेचा रोध हिशेबात धरला नाही, तर २० यार्डांसाठी (सुमारे १८ मी.) जुळवलेल्या नेमाने ३० यार्डांवरच्या हरणावर सोडलेला बाण सुमारे १७ सेंमी. खाली लागतो. ३० यार्डांच्या नेमाने ४० यार्डांवर हीच चूक सुमारे २३ सेंमी. होते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे मर्मस्थान, म्हणजे हृदय व फुप्फुसांची जागा, २० ते २५ सेंमी. व्यासाची धरतात. नेम तिच्या मध्यावर धरला तर खालच्या बाजूला जेमतेम १०–१२ सेंमी. जागा उरते. म्हणजे अंदाजात १० यार्डांची चूक झाली की बाण फुकट जातो किंवा जनावर जखमी होऊन पळते. रायफलच्या बाबतीत ही अडचण फार पुढे सुरू होते. २०० यार्डांना नेम जुळवलेल्या थर्टी-ऑट-सिक्स जातीच्या रायफलची गोळी ३०० यार्डांवर सुमारे २० सेंमी., तर ४०० यार्डांवर सुमारे ६० सेंमी. खाली येते. दाट झाडीत शंभर यार्डांच्या आत शिकार करणाऱ्या रायफलधाऱ्याला अंतरमापक नसला तरी चालते. धनुर्धाऱ्याला मात्र तो पहिल्या वीस पावलांनंतरच लागतो.

इतिहास : अंतर मोजण्याची जुनी पद्धत त्रिकोणमितीची. नळीच्या दोन टोकांच्या भिंगांतून एकच वस्तू पाहायची, दोन प्रतिमा एकमेकींशी जुळवायच्या आणि त्यासाठी फिरवाव्या लागलेल्या कोनावरून अंतर वाचायचे. मे १८८८ मध्ये इंग्लंडच्या युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा असल्याची जाहिरात ‘एंजिनिअरिंग’ या साप्ताहिकात दिली. लीड्स येथील यॉर्कशर कॉलेजातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक आर्चिबाल्ड बार आणि भौतिकीचे प्राध्यापक विल्यम स्ट्राउड यांनी ती वाचून उपकरण तयार केले. १८८९ मध्ये ऑल्डरशॉट येथील चाचणीत ते मागे पडले व वॉटकिन यांचे ‘मेकोमीटर’ हे प्रतिस्पर्धी उपकरण निवडले गेले. पुढे नौदलाने दोघांना पाचारण केले. १८९२ मध्ये ‘अरेथ्यूझा’ या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या व सहा उपकरणांची मागणी नोंदवली गेली. दरम्यान बार ग्लासगो विद्यापीठात गेले होते आणि व्यवसायही तेथेच वाढला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांवर बार अँड स्ट्राउडची, तर जर्मन नौकांवर त्सायस कंपनीची त्रिमितीय दृष्टीवर चालणारी उपकरणे होती. त्यांतले श्रेष्ठ कोणते, याविषयी नौदल इतिहासकारांत मतभेद आहेत.

या पद्धतीची मर्यादा गणितातच आहे. चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि दोन भिंगांमधील अंतर, म्हणजे पाया, जितका लहान तितकी ती मोठी असते. युद्धनौकेवर काही मीटर लांबीचा पाया परवडतो, शिकाऱ्याला नाही. ३० सेंमी. पायाच्या उपकरणात कोन वाचताना १२ विकलांची चूक झाली, तर १०० मी.वर ती सुमारे २ मी. पडते आणि ३०० मी.वर १७ मी.पेक्षा अधिक होते. तरीही १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकेत रेंजिंग कंपनीची या जातीची छोटी उपकरणे धनुर्धारी शिकाऱ्यांनी वापरली. जवळच्या पल्ल्यापुरते त्यांचे काम भागत असे, शिवाय बॅटरी लागत नसे.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत माणकाचा लेसर चालवून दाखवला. त्याचे अत्यल्पकालीन, प्रखर स्पंद मिळवण्याची युक्ती १९६२ पर्यंत साधली आणि लेसर अंतरमापक शक्य झाला. पहिली काही दशके तो रणगाड्यांवर व तोफखान्याच्या निरीक्षकांकडेच राहिला. शिकाऱ्यांच्या हाती तो १९९० च्या दशकात आला. दशकाच्या आरंभी लायका कंपनीची जिओव्हिड ही महागडी दुर्बीण निघाली आणि मध्यास बुशनेल कंपनीने सामान्य ग्राहकाला झेपतील अशी उपकरणे बाजारात आणली. स्वस्त उपकरणांची परंपरा तेथून सुरू होते.

कार्य : उपकरणातील अर्धसंवाहक लेसर अवरक्त प्रकाशाचा स्पंद सोडतो. वस्तूवरून परतलेला क्षीण अंश संवेदक टिपतो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मी. जातो, म्हणून १०० मी.वरच्या हरणापर्यंत जाऊन यायला त्याला सुमारे ६६७ नॅनोसेकंद लागतात आणि एका मीटरचा फरक सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचा असतो. हाताच्या उपकरणात इतका बारीक काळ मोजता येतो, याचेच खरे म्हणजे नवल वाटायला हवे. उपकरण एकाच स्पंदावर विसंबत नाही, अनेक परताव्यांचा मेळ घालून आकडा देते. येथे चूक अंतराच्या वर्गाने वाढत नाही. बहुतेक उत्पादक एक यार्ड इकडेतिकडे इतकी अचूकता सांगतात. धनुर्धाऱ्यांसाठीच्या काही नमुन्यांत ती अर्ध्या यार्डापर्यंत असते.

स्वस्त उपकरणांत जवळपास सर्वत्र ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर आढळतो. ही तरंगलांबी सिलिकॉनच्या संवेदकाला दिसते आणि सिलिकॉन स्वस्त आहे. लष्करी व महागड्या उपकरणांतील १,५५० नॅनोमीटरच्या लेसरला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा संवेदक लागतो व किंमत वाढते. बाजारातील शिकारी उपकरणे सामान्यतः डोळ्यांना सुरक्षित मानलेल्या पहिल्या वर्गातील असतात.

पल्ल्याचा आकडा : खोक्यावर ठळक छापलेला पल्ला हरणाचा नसतो, आणि निवडीतील बहुतेक फसगत येथे होते. उत्पादक सहसा तीन आकडे देतात : चकचकीत परावर्तक पृष्ठभाग, झाड आणि हरीण. उपकरणाच्या नावात येतो तो पहिला. ल्यूपोल्डच्या ‘आरएक्स-१४००आय’ या नमुन्यात परावर्तकासाठी १,४००, झाडासाठी १,२०० व हरणासाठी ९०० यार्ड असे आकडे दिलेले आहेत. अनेक स्वस्त उपकरणांत हरणाचा आकडा नावातील आकड्याच्या निम्म्यावर येतो आणि भर उन्हात त्याहूनही खाली जातो, कारण सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण संवेदकाला गोंधळात टाकतात.

हरणाचा आकडा इतका कमी येण्याचे कारण भौतिकीत आहे. हरणाची केसाळ कातडी प्रकाश सर्व दिशांना विखुरते, उपकरणाकडे थोडाच परत येतो. दुसरे असे की लेसरची शलाका जाताना पसरत जाते. पसरण ३ मिलिरेडियन असेल तर ४०० मी.वर शलाका १.२ मी. रुंद होते, म्हणजे हरणाच्या धडाएवढी किंवा त्याहून मोठी. लक्ष्य शलाकेपेक्षा मोठे असेल तोवर परतणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. लक्ष्य शलाकेपेक्षा लहान झाले की चतुर्थ घाताने. उरलेली शलाका मागच्या टेकडीवर किंवा पुढच्या गवतावर पडते आणि आकडा त्यांचा येतो. म्हणून पसरणीचा आकडा पल्ल्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. स्वस्त उपकरणांच्या माहितीपत्रकात तो बहुधा नसतो. जो उत्पादक तो देतो त्याला प्रस्तुत संकलक अधिक गुण देईल.

प्राधान्य : एकाच दिशेने अनेक परतावे आले तर कोणता दाखवायचा, हे उपकरणाने ठरवायचे असते. गोल्फच्या उपकरणांत सर्वांत जवळच्या वस्तूला प्राधान्य असते, कारण मागच्या झाडांपुढे असलेल्या झेंड्याची काठी टिपायची असते. शिकारीत नेमके उलटे लागते : पुढचे गवत, फांद्या सोडून त्यामागचे जनावर. ‘शेवटच्या वस्तूला प्राधान्य’ ही सोय नसलेले उपकरण उघड्या माळावर ठीक चालते, झुडपांत निरुपयोगी ठरते. गोल्फचे उपकरण सवलतीत मिळते म्हणून घेणाऱ्यांनी ही सोय बदलता येते का ते आधी पाहावे. कळ दाबून धरल्यावर सलग वाचन देण्याची सोय बहुतेक स्वस्त नमुन्यांतही असते.

उतार : डोंगरउतारावर किंवा उंच मचाणावरून नेम धरताना तिरकस अंतर नव्हे तर आडवे अंतर धरावे लागते. ३०० मी. तिरकस अंतर ३० अंशांच्या उतारावर आडवे २६० मी. भरते. त्यामुळे पर्वतात कोनदुरुस्ती नसलेले उपकरण घेऊ नये. मचाणाचे महत्त्व मात्र जाहिरातींत फुगवलेले दिसते. जमिनीपासून ६ मी. उंच मचाणावरून १८ मी. तिरकस अंतराचे आडवे अंतर सुमारे १७ मी. येते, फरक एका मीटरचा. तरीही ही सोय आता १५०–२०० डॉलरच्या उपकरणांतही सर्रास मिळते, तेव्हा ती टाळण्याचे कारण नाही. गोळी किती खाली येईल याचा हिशेब करणारी, मोबाइलला जोडली जाणारी उपकरणे महाग असतात आणि ३०० यार्डांच्या आतल्या शिकारीला त्यांची गरज नाही.

दर्शक व भिंग : अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीची मुभा असते आणि हरणे याच वेळी बाहेर पडतात. साध्या द्रवस्फटिकी दर्शकावरील काळे आकडे तेव्हा काळ्या झाडीवर दिसत नाहीत. शिवाय दर्शकाचा थर भिंगातून येणारा प्रकाशही कमी करतो. लाल प्रकाशित आकड्यांचा दर्शक असलेले उपकरण ५० डॉलर महाग असले तरी तेच घ्यावे, असे या क्षेत्रातील जाणकार सहसा सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. वर्धन ५ ते ६ पट व भिंग २० ते २५ मिमी. हे सामान्य प्रमाण. ६ पट वर्धन व २१ मिमी. भिंग असेल तर डोळ्यात येणारी प्रकाशाची शलाका ३.५ मिमी.ची होते. संधिप्रकाशात बाहुली याहून मोठी होत असल्याने अशा उपकरणाने जनावर शोधत बसू नये. त्यासाठी वेगळी दुर्बीण बाळगावी. दुर्बीण व अंतरमापक एकत्र असलेली लायका किंवा स्वारॉव्स्की यांची उपकरणे २,००० डॉलरच्या पुढे जातात.

पारख : विकत घेण्यापूर्वी किंवा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करायची चाचणी सोपी आहे. मोकळ्या आभाळापुढे एकटा उभा असलेला विजेचा खांब सुमारे १०० मी.वरून निवडावा. सलग वाचन चालू ठेवून उपकरण डावीकडून हळूहळू खांबावर आणावे आणि आकडा उमटला त्या क्षणी भिंगात दिसणारी नेमाची चौकट खांबाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. मग उजवीकडून तसेच करावे. दोन्हीकडे सारखे अंतर राहिले तर शलाका चौकटीच्या मध्याशी जुळलेली आहे. आकडा एका बाजूने चौकट भिडण्याआधीच येतो आणि दुसऱ्या बाजूने चौकट खांब ओलांडून गेल्यावर येतो, असे दिसले तर शलाका सरकलेली आहे. अशा उपकरणात हरणावर धरलेली चौकट शेजारच्या झाडाचे अंतर देते. वरखाली जुळणी पाहण्यासाठी आडव्या कठड्यावर हीच कृती करावी. अंतराची अचूकता फितीने मोजलेल्या २०, ३० व ४० मी.च्या खुणांवर तपासावी आणि शेवटी दिवेलागणीला झाडीकडे पाहून आकडे वाचता येतात का ते बघावे. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त उपकरणांचा आतला संच पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे तेथे नावापेक्षा परतीची मुदत व हमी पाहणे शहाणपणाचे.

पर्याय : सर्वांत स्वस्त अंतरमापक रायफलच्या दुर्बिणीतच असतो. मिलिरेडियनच्या खुणा असलेल्या जालकात हरणाची पाठ ते छातीचा तळ ही उंची (सुमारे ४५ सेंमी.) दीड मिलिरेडियन (मिल) भरली तर हरीण ३०० मी.वर आहे. वाचनात एक दशांश मिल चुकले की उत्तर सुमारे २० मी.ने बदलते, आणि प्रत्येक हरीण ४५ सेंमी.चे नसते.

निगा : बहुतेकांत ३ व्होल्टची सीआर२ लिथियम बॅटरी लागते, कडाक्याच्या थंडीत एक जादा जवळ ठेवावी.

नियम : हातात धरायच्या अंतरमापकाला अमेरिकेत सर्वसाधारणपणे हरकत घेतली जात नाही. धनुष्यावरच बसवलेल्या अंतरमापक नेमयंत्रांबाबत (उदा., २०१८ मधील गार्मिन झीरो) राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. धनुर्धाऱ्यांच्या शिकारीच्या नोंदी ठेवणारी, १९६१ मध्ये स्थापन झालेली पोप अँड यंग ही संस्था अशा यंत्राने केलेली शिकार स्वीकारत नाही. अंतरमापकामुळे जखमी जनावरे कमी होतात की लांबचे नेम धरण्याचा मोह वाढतो, यावर शिकाऱ्यांत एकमत नाही.

भारत : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार बंद झाली आहे. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर व रोही यांना मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. लष्करासाठीच्या लेसर अंतरमापकांचे संशोधन डेहराडून येथील संरक्षण संशोधन संस्थेत होते. शिकारीच्या उपकरणांचे भारतातील नेमके क्षेत्र वन्यजीवगणनेचे आहे. आखलेल्या रेषेवरून चालताना चितळ किंवा सांबर दिसले की निरीक्षक अंतरमापकाने अंतर व होकायंत्राने कोन नोंदवतो. ६० मी.वर, रेषेशी ३० अंशांच्या कोनात दिसलेले चितळ रेषेपासून काटकोनात ३० मी. दूर असते. अशा नोंदींवरून वाघांच्या भक्ष्याची घनता काढतात. ताडोबा, मेळघाट व पेंच येथे या कामासाठी वापरला जाणारा अंतरमापक शिकाऱ्याच्या अंतरमापकाच्याच जातीचा असतो.