बाहेरचा गिलावा : अभ्यासाला आरंभ

स्वतः उभं राहून घर बांधून घेणारा माणूस पायाच्या खोलीची चौकशी करतो, स्लॅबच्या सळ्या मोजतो, टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घालतो. बाहेरच्या गिलाव्यापर्यंत येईतो पैसा आणि उसंत दोन्ही संपत आलेली असतात. मग मिस्त्री म्हणेल ते आणि मिस्त्री म्हणेल तसं. दोन पावसाळ्यांनंतर आतल्या भिंतीवर ओल उमटते, रंगाचे पोपडे सुटतात आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांचे नंबर शोधणं सुरू होतं. इंचभरही जाडी नसलेला हा थर घराचं आयुष्य ठरवतो. त्याचं पुरं शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात वाचकाचं मनापासून स्वागत करायला ही प्रस्तावना लिहिली आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली म्हटलं की हल्ली टॉवर डोळ्यांपुढे येतात. तरी चेंदणी कोळीवाड्यात, कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या सत्तावीस गावांत, टिटवाळा-बदलापूरकडे आणि मुरबाड रस्त्याला अजूनही कुटुंबं आपलं घर आपण बांधतात. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात, भातकापणीतून मोकळे झालेले हात मिळतात आणि बांबूच्या परांच्या चढू लागतात. गिलाव्याचा हंगाम म्हणजे आपल्याकडे थंडीच.

या थंडीबद्दल पुस्तकं काय सांगतात, हे आधी पाहू. गिलाव्याचं बरंचसं वाङ्मय थंड देशांत लिहिलं गेलं. तिथली मुख्य भीती अशी, की ओल्या थरातलं पाणी गोठतं, फुगतं आणि थर आतून फुटतो. आपल्या मानक ब्यूरोच्या ७८६१ क्रमांकाच्या मानकाचा दुसरा भाग थंड हवेतल्या काँक्रीटकामाबद्दल आहे. तो ५ अंश सेल्सिअसच्या खालच्या तापमानाला थंड हवा धरतो. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता, आणि तो तिथला नीचांक मानला जातो. म्हणजे गोठण्याचं प्रकरण आपण निर्धास्तपणे बाजूला ठेवू शकतो.

थंडीचा एक परिणाम मात्र इथेही दिसतो. सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया गारव्यात मंदावते. बदलापूरकडे जानेवारीत संध्याकाळी पाच वाजता मारलेला माल दिवेलागण झाली तरी ओलाच राहतो. बोट टेकवलं की खळगा पडतो, रंधा फिरवावा तर माल सोबत येतो. गवंड्याला परांचीवरून उतरून घरी जायचं असतं. तो घमेल्यातलं कोरडं सिमेंट मूठभर घेऊन भिंतीवर फेकतो. ते पाणी शोषून घेतं, पृष्ठभाग आवळतो आणि काम वेळेत गुळगुळीत दिसतं. वर बसलेली ही सिमेंटची साय खालच्या थरापेक्षा जास्त आकसते आणि महिन्याभरात तिच्यावर केसासारख्या तड्यांचं जाळं उमटतं. यात गवंड्याची लबाडी नसते. कामाची वेळ चुकीची ठरवलेली असते आणि ती ठरवणं घरमालकाच्या हातात असतं. डिसेंबर-जानेवारीत दुसरा हात, म्हणजे गिलाव्याचा वरचा थर, दुपारी तीननंतर सुरू करू नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ निभावतं.

खरा शत्रू कोरडेपणा. थंडीत वारा जमिनीवरून येतो, आर्द्रता उतरते, ओठ फुटतात. आपल्याला गारवा सुखाचा वाटतो आणि भिंत तहानलेली आहे हे लक्षातच येत नाही. मे महिन्यात आपण घाबरून दिवसातून तीनदा पाणी मारतो, जानेवारीत एकदा मारून समाधान मानतो. त्यात सूर्य दक्षिणेला कललेला. ठाण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या माध्यान्ही तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेची भिंत दिवसभर समोरून ऊन खाते. मे महिन्याच्या मध्यानंतर तोच सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ही भिंत दुपारीसुद्धा सावलीत जाते. आता पावसाळा आठवा. इथली झड नैर्ऋत्येकडून येते. म्हणजे थंडीत जी भिंत सगळ्यात लवकर सुकते, तिलाच पुढे पावसाचा सगळ्यात मोठा मारा सोसावा लागतो. माझ्या मते आपल्या भागातल्या बाह्य गिलाव्याचा सगळा अभ्यास या एका भिंतीपासून सुरू व्हायला हवा. तिच्यावर ओलं गोणपाट सोडा, हिरवी जाळी बांधा, सावली फिरेल तसं काम फिरवा. किमान सात दिवस ती एकदाही पांढरी पडू देऊ नका. आजच्या राखमिश्रित सिमेंटला त्याहून जास्त दिवस द्यावेत.

मिश्रणाबद्दलचा एक समज इथेच दूर करायला हवा. सिमेंट जास्त म्हणजे काम पक्कं, असं घरोघरी मानलं जातं. माल जितका कडक, तितका तो सुकताना आकसतो. शिवाय वरचा थर खालच्यापेक्षा कडक झाला, तर तो खालच्याला ओढतो आणि सुटतो. अशा जागी बोटाच्या पेराने ठोकलं की बद्द आवाज येतो. १६६१ क्रमांकाच्या मानकाने चुना मिसळलेल्या सिमेंट गिलाव्याला सन्मानाची जागा दिली आहे, कारण चुना पाणी धरून ठेवतो. कोरड्या हवेत याहून मोलाचा गुण कोणता?

चुन्याची ओळख आपल्याला नवी नाही. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२चा शिलालेख असलेलं, घडीव काळ्या दगडात उभं आहे. त्याला गिलाव्याची गरजच पडली नाही. पण वसईच्या किल्ल्यात चुन्याच्या थरांचे अवशेष अजून भिंती धरून आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांवर चुना मळायच्या घाण्या दिसतात. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक. चुना तिथे दिवसच्या दिवस भिजत आणि मळला जात असे. सिमेंटने घाई आणली, तिच्याबरोबर हे ज्ञानही मागे पडलं, आणि मला ते नुकसान फार मोठं वाटतं.

वाळूचा प्रश्न अजून उघडा आहे. कल्याण आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरांची नावं खाडीच्या वाळूवरून पडली. ती खारी वाळू नीट न धुता वापरलेल्या भिंतींना लोणा लागला, आतल्या सळ्या गंजल्या. आता खाणीतल्या काळ्या दगडाचा चुरा वाळू म्हणून येतो. त्यात मीठ नाही, पण बारीक भुकटी असते आणि ती जास्त झाली की माल जास्त पाणी मागतो, मग आकसतो. या वाळूचं आपल्या झडीत दहा-वीस वर्षांनी काय होईल, याच्या नोंदी घरोघरी ठेवल्या गेल्या पाहिजेत. नव्या अभ्यासकाला यात भरपूर काम आहे आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

सुरुवात अशी करता येईल. काचेच्या सरळ बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या साधारण आठ टक्क्यांहून जाड असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय बाहेरच्या भिंतीला वापरू नये. गाडी रिकामी करून घेण्याआधी हे करा, मिस्त्रीला शेजारी बसवून करा, आणि तो काय म्हणतो तेही वहीत लिहून ठेवा.